आईच्या नावावर घेतलेली रजा

तळेगाव (श्यामजी पंत)
९ जानेवारी २०२५

जयाताई,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील, अशी धास्ती होती. म्हणून पत्ता अंकिताकडून लिहवून घेणार होतो. मग वाटलं, बायकोच्या अक्षरामागे लपणारा भाऊ, ही आणखी एक शोभा कशाला. तू आमचे सगळ्यांचे नंबर बंद करून ठेवलेस, त्यामुळे पोस्टाशिवाय इलाज नाही. पत्ता तुझ्या शाळेचा आहे. मोबाइलवर शोधला तर शाळेच्या पानावर तुझा फोटोही सापडला, खाली ‘कलाशिक्षिका’ असं. तुला चष्मा लागला, हे मला रायपूरच्या शाळेकडून कळलं.

मुद्द्यावर येतो, नाहीतर प्रस्तावनेतच पानं जातील. मला चित्र काढायला शिकायचं आहे. हसू नको. चव्वेचाळीस वर्षांचा, पतसंस्थेच्या कॅश काउंटरवर बसणारा, केस मागे सरकलेला माणूस. गेली काही वर्षं मी रद्द पावत्यांच्या पाठीवर समोरच्या लोकांची नाकं काढतो. नाक बऱ्यापैकी येतं, पण त्याच्याभोवती माणूस येत नाही. क्लास लावायची लाज वाटते. वर्ध्यात आमच्या घराजवळ एक क्लास आहे, तिथे सगळी पाचवी-सहावीची मुलं, आणि त्यातली निम्मी आमच्या खातेदारांची. म्हणून दीड महिन्याची रजा काढून गावी आलो आणि आपलं आपणच शिकायचं ठरवलं. रजा कशी मिळाली ते विचारू नको. मिळाली.

वेळापत्रक सोबत आहे. पहाटे उठून सरळ रेषा आणि वर्तुळं. मग वस्तू: तांब्या, वरवंटा, कंदील. मग सावल्या. जेवण झाल्यावर हात-पाय, संध्याकाळी मोबाइलमधल्या फोटोंवरून चेहरे. रविवारी उजळणी आणि शेवटच्या आठवड्यात रंग. चौकटी स्केचपेननं आखल्या, प्रत्येक विषयाला वेगळा रंग दिला. खरं सांगतो, या आखणीतच पहिले काही दिवस गेले आणि चित्र एकही झालं नाही. आता ते भिंतीवर लावलंय तर मलाच त्याचा धाक वाटतो. रेषा ओढायला बसलो की आई दुधाला पिटाळते, वर्तुळांच्या वेळेला गॅसवाला येतो. दहावीच्या अभ्यासाचं माझं वेळापत्रक कसं असायचं ते तुला माहीत आहे. त्यात काही फरक पडलेला नाही.

तू हे रोज शिकवतेस. एकदा लाल पेन फिरव आणि परत पाठव. मला उद्देशून एक शब्द लिहिला नाहीस तरी चालेल.

आईबद्दल तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. ठीक आहे. बीपीची गोळी रोज घेते आणि शेजारच्या कमलाबाईशी रोज भांडते. तुझा विषय घरात निघत नाही. नवऱ्याचं घर सोडून तू रायपूरची नोकरी धरलीस, तेव्हा आई अंगणात उभी राहून म्हणाली, आता मी मेल्यावरच ये. तू ते आजवर जसंच्या तसं पाळलंस. हट्टाच्या बाबतीत तुम्हा दोघींत कोण वरचढ, हे मला कधी ठरवता आलं नाही.

सचिन


तळेगाव
२५ जानेवारी

ताई,

तुझं पाकीट मिळालं. पत्राच्या आशेने सगळं झटकून पाहिलं, पण आत माझंच वेळापत्रक होतं आणि त्यावर तुझ्या लाल पेनाच्या रेघा. रेषा उडवल्यास, वर्तुळं उडवलीस, हात-पाय उडवले. रंगाचा आठवडा तर दोनदा खोडलास. खाली लिहिलंस: “एकच वेळ. एकच वस्तू. रोज तीच. फोटोवरून काढू नये. आई घरात आहे ना? तिला काढ.” आणि त्याखाली मास्तरणीच्या सवयीनं सही आणि तारीख. मी तो कागद खिशात घालून उगाच बसस्टँडपर्यंत चक्कर मारून आलो.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे चाललं आहे. जेवणं आटोपली की ऊन ओसरीवर येतं. आई खांबाला टेकून तूर निवडायला बसते. ऊन उतरेपर्यंत माझी शाळा. आधी ती मुळीच ऐकेना. माझं काय काढतं, म्हणे, एखादी गाय काढ. नाक आखून व्हायच्या आत उठायची, कधी कुकरसाठी, कधी कोंबड्यांसाठी, कधी कुंपणापलीकडे कमलाबाई काय म्हणते ते ऐकायला. पहिलं चित्र पाहून म्हणाली, हा कोणता फौजदार आहे? मलाही तसंच वाटलं होतं.

मधे एक प्रकार झाला. तो तुला सांगावा की नाही, यावर दोन दिवस घालवले. आमच्या ऑफिसातला निकेश सफरचंदांची पिशवी घेऊन वर्ध्याहून इथे आला. आईला बघायला. त्या वेळी आई शेतातून तुराट्यांचा भारा डोक्यावर घेऊन फाटकातून आत येत होती. निकेश गोंधळला, पण पोरगा चांगल्या घरचा. म्हातारी दुखणं अंगावर काढते आहे, असं समजला असावा. भारा उतरवून घेतला, पाया पडला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मावशी, कायचीच चिंता करू नका. साहेबांनं सांगतलं, सचिनभाऊले पाहिजे तेवढी सुट्टी वाढवून देऊ. जितके दिवस हायेत तितके त्याले तुमच्यापाशी राहू द्या.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी सफरचंदांकडे पाहिलं.

तर, रजा अशी मिळाली. अर्जात मी लिहिलं होतं की आईची प्रकृती गंभीर आहे. चित्रासाठी रजा मागितली असती तर साहेब हसले असते, आणि आयुष्यभर काउंटरवरचे लोक ‘काय, चित्रकार’ म्हणाले असते. अंकितालाही हेच सांगितलं, आणि ती यायला निघाली तर ‘मी आहे ना’ म्हणून थोपवलं. मॅनेजर आमचा भला माणूस आहे, त्याने दुसरं काही विचारलं नाही. खोटं लिहिताना हात जरासुद्धा अडला नाही, याची आता फार लाज वाटते. निकेशला बसस्टँडवर सोडायला गेलो तेव्हा त्याने माझा खांदा दाबला. मी तो दाबू दिला.

पण एक सांगतो, त्या दिवसापासून आई छान बसते. अजिबात हलत नाही. तूरही बाजूला ठेवते. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केस विंचरून, आपणहून येऊन खांबाला टेकते आणि म्हणते, काढ. कुकरने किती शिट्ट्या दिल्या तरी उठत नाही. काय झालं तिला कोण जाणे, मी विचारलं नाही. काल डोळे जमले. तुझ्यासारखेच आहेत, हे काढताना पहिल्यांदा कळलं.

सचिन


तळेगाव
३ फेब्रुवारी

जयाताई,

आईची तब्येत बरी नाही. तिने तुला बोलावलं आहे. तिचे शब्द तसेच लिहितो: “जयाले लिही, मी मेल्यावर येजो मनलं होतं ते सोड. आताच येजो मनावं.”

याहून जास्त मला लिहिता येत नाही. चित्राचं काही विचारू नको. ये.

सचिन


तळेगाव
१० फेब्रुवारी, सोमवार

ताई,

हे पत्र स्पीड पोस्टनं टाकतो आहे, म्हणजे शुक्रवारी रात्री तू निघायच्या आत हातात पडेल. शाळेचा नंबर शोधून फोन करता आला असता. तीनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तुझ्या आवाजासमोर मला हे सांगता येणार नाही.

आई आजारी नाही. मागचं पत्र खोटं होतं.

आता सगळं क्रमानं सांगतो. निकेश येऊन गेला त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. डोळे झाले होते, हनुवटी झाली होती, मी गळ्याच्या सुरकुत्यांना लागलो होतो. त्या सुरकुत्या फार अवघड आहेत. एक जरी चुकली तरी माणूस कोंबडीसारखा दिसतो. बराच वेळ मान खाली घालून मी कोरत होतो. आई म्हणाली, “गळ्याचं काऊन एवढं कोरून राह्यला? हार आला की झाकतेच ना तो.”

मी विचारलं, कोणता हार?

“तुह्या बापाच्या फोटोले हाय तसा. डॉक्टरनं तुले काई सांगतलं असन, मले नको सांगू. तू आपलं काढ.”

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचं चित्र किंवा फोटो कधी काढतात, ते तू रायपूरला राहून विसरली नसशील. बाबांचा फोटो तेरवीच्या आदल्या दिवशी कारंज्याच्या स्टुडिओतून मोठा करून आणला होता. कमलाबाईच्या सासूला डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा तिला नवं लुगडं नेसवून खुर्चीवर बसवलं होतं आणि फोटोवाला बोलावला होता. आईने दोन आणि दोन जोडले. कधी रजा न घेणारा पोरगा दीड महिना घरी येऊन बसला. रोज समोर बसवून चेहरा काढतो. ऑफिसातला माणूस सफरचंदं आणतो आणि ‘जितके दिवस हायेत तितके’ म्हणतो. तिला दुसरं काय वाटणार?

एका वाक्यात ते तिथेच मिटलं असतं. मी बोललो नाही. का, ते लिहायलाच हे पत्र घेतलं आहे, म्हणून लिहितो. चित्र जमायला लागलं होतं. आईच्या चेहऱ्यावर कायम असतो तो राग उतरला होता. ज्याच्यावर चिडायचं ते सगळं तिने सोडून दिलं होतं, आणि राग उतरल्यावर खाली जो चेहरा होता, तो मी जन्मात पाहिला नव्हता. तो कागदावर उतरत होता, माझ्या हातून. मला वाटलं, आज गळा होऊ दे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, कान होऊ दे. ताई, आई मरणाची तयारी करत बसली होती आणि मी तिला म्हणत होतो, मान जरा उजवीकडे.

ती खरोखरच तयारीला लागली. पितळेची मोठी घागर, जिला कोणाला हात लावू देत नव्हती, ती कमलाबाईला देऊन टाकली. कमलाबाई घाबरून घेईना, तर तिच्या ओसरीवर ठेवून आली. मग एका दुपारी चित्राला बसल्या बसल्या तिने तुझं नाव काढलं. किती वर्षांनी काढलं तूच मोज. जयाले लिही, म्हणाली. मी लिहिलं आणि स्पीड पोस्टनं टाकलं. पेन हातात घेताना मनाशी म्हटलं, निदान यानिमित्ताने दोघी भेटतील, चांगलंच आहे. स्वतःला फसवायला मला फार वेळ लागत नाही.

त्यानंतर पाच दिवसांनी आई मोरीपाशी भिंत धरून खाली बसली. डोकं गरगरतं, म्हणाली. तेवढ्यात कमलाबाई धावत आली आणि तिने पदरातून बीपीच्या गोळ्यांची पाकिटं काढून माझ्यासमोर टाकली. आईने घागरीबरोबर त्याही तिला दिल्या होत्या. तिलाही बीपी आहे ना. “तुले लागतीन, मले आता काय करायच्या,” असं म्हणून. कमलाबाईने घेतल्या, आणि मग तिला झोप येईना. ती माझ्याकडे पाहत होती आणि मला मान वर करता येत नव्हती. आईने गोळ्या माझ्यामुळे सोडल्या होत्या. त्या मोरीपाशी तिचं काही बरंवाईट झालं असतं तर माझ्या अर्जातलं वाक्य मीच खरं करून दाखवलं असतं.

मिळाली ती बस धरून तिला कारंज्याला डॉक्टरकडे नेलं. बीपी खूप वाढलं होतं. डॉक्टर मलाच ओरडले. रक्त तपासलं, कागदावर हृदयाची पट्टी काढली. दुसरं काही नाही. गोळी चुकवू नका, म्हणाले, अजून नातसुना पाहाल. आई त्यांच्याकडे, लहान पोराची समजूत घालणाऱ्याकडे पाहावं तसं पाहत होती. तिला वाटलं, डॉक्टरही मिळालेला आहे.

परतीच्या बसला वेळ होता. हायवेवरच्या ढाब्यावर तिला चहा पाजायला बसवलं. समोरून ट्रक जात होते, त्यामुळे मला जरा मोठ्याने बोलावं लागलं, आणि अशी गोष्ट मोठ्याने बोलणं किती कठीण असतं ते कळलं. तुला काहीही झालेलं नाही, रजा मिळावी म्हणून मी ऑफिसात खोटं लिहिलं, मला फक्त चित्र शिकायचं होतं, असं सगळं सांगितलं. शेजारच्या बाजेवरचे दोन ड्रायव्हर ऐकत होते. ऐकू दिलं.

आईने बशीतला चहा संपवला. मग विचारलं, “मंग तो सफरचंदवाला?”

त्यालाही मी खोटंच सांगितलं होतं, म्हटलं.

तिने बशी उपडी ठेवली. मग म्हणाली, “चित्रासाठी मारलं तू मले.” रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. बसमध्ये ती खिडकीशी बसली. उतरताना मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही.

घरी आलो तर दाराच्या फटीतून तुझं कार्ड आत पडलेलं होतं. “येते. शनिवारी. जया.” आईने स्वतः उचललं. चष्मा लावून वाचलं, मागची बाजू पाहिली, पुन्हा वाचलं. मी म्हटलं, आता लगेच तिला खरं कळवतो.

“काऊन?” आई म्हणाली. “काई कळवू नको. येऊ दे तिले.”

मी म्हटलं, हे खोटं आहे, आई. ती बिचारी धावत येईल.

“तुह्यं खोटं चालते, माह्यं नाई चालत? मी बरी हाव मनून समजलं तर ती येईन काय? आन बरी असताना मी तिले कोणत्या तोंडानं बोलावू?” हे बोलताना तिचा आवाज फाटला. आईचा आवाज फाटलेला तू ऐकला आहेस का? मी बाबांच्या वेळेसही ऐकला नव्हता. मग तिने पाणी मागितलं, गोळी घेतली आणि कार्ड चोळीत ठेवलं.

तेव्हापासून घरात तुझ्या येण्याची तयारी चालू आहे, म्हणजे आजारपणाची. काल खाट ओसरीवर आणवली आणि अंगावर गोधडी घेऊन पडून पाहिलं. जया आली की अशी पडून राहीन, म्हणाली. दहा मिनिटंही झाली नसतील, उठून तूर पाखडायला लागली. आज सकाळी मला विचारत होती, आजारी माणूस बोंडं खातो काय. तुला ती कणकेची गोड बोंडं आवडतात म्हणून गूळ आणून ठेवलाय. बोंडं तळायची कोणी, ती तर अंथरुणावर, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

मला हसू येतं आणि लगेच लाज वाटते. हे नाटक मी सुरू केलं आणि आता म्हातारी ते पुढे चालवते आहे, तेही माझ्यापेक्षा चांगल्या कारणासाठी. मॅनेजरांना काल फोन करून खरं सांगितलं. त्यांनी आधी आईची तब्येत विचारली. मग म्हणाले, सतरा तारखेपासून कामावर ये, समोर बोलू. अंकिता एवढंच म्हणाली, मला सांगितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? चित्र अपुरं आहे. आई आता समोर बसत नाही आणि बस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता तुझं. आईने मला काही कळवू नको म्हणून सांगितलं आहे आणि मी कळवतो आहे, म्हणजे तिचाही शब्द मोडतो आहे. पण तू रात्रभर गाडीत बसून, आई मरते आहे असं समजून यावंस, आणि इथे येऊन तुला कळावं की ती गोधडीखाली धडधाकट आहे, हे माझ्याने होणार नाही. तुला एकदा फसवून झालं, आता पुरे.

म्हणून जसं आहे तसं लिहितो. आई ठणठणीत आहे. डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे, माझ्या शब्दावर जाऊ नको. माझं पत्र खोटं, अर्ज खोटा, आजारपण खोटं. तिने तुला बोलावलं, तेवढं खरं आहे. आधी मरते आहे असं समजून बोलावलं. नंतर मरत नाही हे कळलं, तरी येऊ नको म्हणाली नाही.

शनिवारी नागपूर-अमरावतीच्या बसेस येतील, तेव्हा मी फाट्यावर उभा असेन. पहिलीपासून शेवटच्या बसपर्यंत. तू आलीस तर तिला सांगू नको की तुला माहीत होतं. खाटेपाशी बस, तिचा हात धर, तब्येत कशी आहे विचार. आणि नाही आलीस तर मी घरी जाऊन सांगेन की मी तुला सगळं खरं कळवलं होतं, म्हणून तू आली नाहीस. तिने दार लावून घेतलं तरी मी अंगणात बसून राहीन.

सचिन